शायलॉकचा खटला: न्याय, दया आणि एक पौंड मांस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा चौथा अंक, पहिला प्रवेश. हा कोर्टाचा प्रवेश मी बरीच वर्षं वर्गात शिकवला. पोरं बदलली, प्रश्न फारसे बदलले नाहीत. त्यातले नेहमी येणारे प्रश्न आणि माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

नाटक वाचलेलं नाही. खटला नेमका कशाचा आहे?

व्हेनिसचा व्यापारी अँटोनिओ (नाटकाच्या नावातला ‘मर्चंट’ तो, शायलॉक नव्हे, ही चूक पदवीधरही करतात) आपल्या मित्रासाठी कर्ज काढतो. मित्र बॅसानिओला बेलमाँटच्या श्रीमंत पोर्शियाला मागणी घालायला जायचं आहे आणि खिसा रिकामा आहे. अँटोनिओचा सगळा पैसा समुद्रावरच्या जहाजांत अडकलेला. म्हणून तो शायलॉक या ज्यू सावकाराकडून ३००० डकॅट (सोन्याची नाणी) घेतो, मुदत तीन महिने. व्याज काही नाही. मुदत टळली तर मात्र अँटोनिओच्या अंगातलं एक पौंड, म्हणजे साधारण अर्धा किलो, मांस कापून घ्यायचा हक्क. शायलॉक याला ‘गंमत’ म्हणतो आणि रोख्यावर सही होते.

पुढे जहाजं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि मुदत टळते. याच दिवसांत शायलॉकची मुलगी जेसिका घरातला पैसा आणि दागिने घेऊन लोरेंझो नावाच्या ख्रिस्ती तरुणाबरोबर पळून जाते. कोर्ट भरतं तेव्हा गमतीतली गंमत केव्हाच संपलेली असते.

असा रोखा कोर्टात उभा तरी कसा राहिला?

आपल्याकडे राहिला नसता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २३ सांगतं की ज्या कराराचा उद्देश कुणाच्या शरीराला किंवा मालमत्तेला इजा करण्याचा आहे, तो करार बेकायदा. कलम ७४ म्हणतं की करार मोडल्याबद्दल भला मोठा दंड लिहिला असला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देईल, लिहिलेल्या आकड्याच्या वर तर मुळीच नाही. शायलॉकचा रोखा पहिल्याच तारखेला फेटाळला गेला असता आणि मुद्दल हातात ठेवून त्याला घरी पाठवलं असतं.

योगायोग असा की त्याच १८७२ साली रुडॉल्फ फॉन येरिंग या जर्मन कायदेपंडिताचं एक पुस्तक निघालं आणि त्यात त्याने शायलॉकची बाजू घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोखा नीतीला धरून नव्हता, तर तो सुरुवातीलाच रद्द ठरवायचा होता. पण एकदा वैध मानला, मांस कापायचा हक्क दिला, की रक्त त्यातच आलं. रक्ताविना मांस कापता येत नाही म्हणून हक्क नाकारणं ही रडीची वकिली. यावर जर्मन वकिलांत मोठी जुंपली, आणि ती वाचताना वाटतं की खटला अजून चालूच आहे.

रोख्यातल्या शब्दाच्या मागे जाऊन पाहायचं की शब्दाला चिकटून राहायचं, हा प्रश्न महाराष्ट्राला पुस्तकी नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले ते मुख्यतः कर्जरोखे जाळायला. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला अधिकार दिला की नुसता रोखा पाहू नका. पैसे खरोखर किती दिले, किती फिटले, हा व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासा. हा खटला ऐकणाऱ्या ड्यूकच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, हाती असं कलम असतं तर नाटक चौथ्या अंकापर्यंत पोचलंच नसतं.

मग व्हेनिसचा ड्यूक सरळ ‘नाही’ का म्हणत नाही?

कारण व्हेनिस परक्या व्यापाऱ्यांवर जगतं. हे खुद्द अँटोनिओच तिसऱ्या अंकात सांगतो: परदेशी लोकांना इथे जे हक्क आहेत ते नाकारले तर राज्याच्या न्यायावरचाच भरवसा उडेल. शायलॉकला हे पक्कं ठाऊक आहे. कोर्टात तो धमकीच देतो की मला नाही म्हणालात तर तुमच्या सनदेला आणि शहराच्या स्वातंत्र्याला बट्टा लागेल. इथे कायद्याचं राज्य चालतं ते तत्त्वासाठी जेवढं, तेवढंच बाजारपेठेसाठी.

तिप्पट पैसे मिळत असताना शायलॉक घेत का नाही?

बॅसानिओ दुप्पट देतो, पुढे पोर्शिया तिपटीची आठवण करून देते. शायलॉकचं उत्तर: सहा हजारांतल्या प्रत्येक डकॅटचे सहा तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा डकॅट झाला तरी मला नको, मला रोखा हवा. म्हणजे ३६,००० वर पाणी सोडायला तयार असलेला ‘लोभी’ सावकार! या एका वाक्याने लोभाचं स्पष्टीकरण निकालात निघतं.

मग काय हवंय? कारण विचारलं तर तो म्हणतो, माझी लहर. घरात उंदीर झालाय आणि त्याला मारायला मी दहा हजार डकॅट खर्च केले, तर तुमचं काय गेलं? पण जरा पुढे तो जे बोलतो त्यावर वर्गात हमखास शांतता पसरायची. तुमच्या घरी विकत घेतलेले गुलाम आहेत, तो म्हणतो. त्यांना तुम्ही गाढवाकुत्र्यासारखे राबवता. मी म्हणालो, त्यांना मोकळं करा, तुमच्या मुलींशी त्यांची लग्नं लावा, तर तुम्ही म्हणाल, गुलाम आमचे आहेत. तसंच हे मांस माझं आहे, मी महाग विकत घेतलंय.

यावर कोर्टातला एकही माणूस उत्तर देत नाही. ड्यूक विषय बदलतो: बेलारिओ नावाचा कायदेपंडित आज येणार होता, तो आला नाही तर कोर्ट बरखास्त करीन. माणसाच्या देहावर मालकी चालते हे व्हेनिस मान्यच करतं. आक्षेप आहे तो एवढाच की या वेळी देह आपल्यातल्याचा आहे.

पोर्शिया न्यायाधीश असते का?

नाही. न्यायासनावर ड्यूक. पोर्शिया पुरुषवेषात, बाल्थझार या नावाने, पादुआच्या बेलारिओचं पत्र घेऊन तरुण कायदेपंडित म्हणून येते. तिची सखी नेरिसा कारकून होऊन. कायद्याचं शिक्षण नाही, सनद नाही, नाव खोटं, आणि प्रतिवादी हा नवऱ्याचा (बॅसानिओशी तिचं तोवर लग्न झालेलं आहे) जिवलग मित्र. आजच्या कुठल्याही बार कौन्सिलने काय केलं असतं ते सांगायला नको.

‘मर्सी इज नॉट स्ट्रेन्ड’ म्हणजे दया गाळलेली नसते?

हा माझा लाडका प्रश्न. पोर्शियाच्या दयेवरच्या प्रसिद्ध भाषणाची ही सुरुवात. नाही, चहाच्या गाळण्याचा इथे संबंध नाही. ‘स्ट्रेन्ड’ म्हणजे इथे जबरदस्तीने ओढून घेतलेली. हे भाषण हवेतून येत नाही, एका चोख प्रश्नाचं उत्तर म्हणून येतं. पोर्शिया विचारते, रोखा मान्य आहे? अँटोनिओ म्हणतो, आहे. ‘मग ज्यूने दया केलीच पाहिजे.’ शायलॉक ताडकन विचारतो, ‘केलीच पाहिजे? कोणत्या सक्तीने, ते सांगा.’ वकील म्हणून प्रश्न बिनतोड आहे. पोर्शियाला आपला शब्द मागे घ्यावा लागतो: दयेवर सक्ती नसते, ती आभाळातून हळुवार पावसासारखी खाली टपकते, देणारा आणि घेणारा दोघंही तिने धन्य होतात. राजाला मुकुटापेक्षा ती शोभते. नुसत्या न्यायाने आपल्यातला कुणीच तरणार नाही. एकूण २२ ओळी.

हे वाक्य लक्षात ठेवा: दयेवर सक्ती नसते. पुढे तासाभरात त्याचं काय होतं ते पाहू.

अनुवादकांसाठी आणखी एक. पोर्शिया सुरुवातीला शायलॉकशी बोलते ते आदरार्थी सर्वनामाने, नाव विचारून. भाषण संपता संपता ‘म्हणून, ज्यू, तुझी मागणी न्यायाची असली तरी’ असं एकेरीवर येते. मराठीत ‘तुम्ही’चं ‘तू’ सहज होतं, पण इथे ते नेमक्या ओळीवर व्हायला हवं. आणि दया करायला सांगताना ती त्याचं नावही टाकून देते.

म्हणजे न्याय ज्यूंचा आणि दया ख्रिश्चनांची, असंच नाटक सांगतं ना?

गाइडमध्ये असंच लिहिलेलं असतं. बायबलचा जुना करार म्हणजे कायदा, नवा करार म्हणजे प्रेम. शायलॉक पहिला, पोर्शिया दुसरी. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी असंच पाहिलं असेल. पण पोर्शियाची पावसाची प्रतिमाच बघा. ‘माझी शिकवण पावसासारखी टपकेल’ हे शब्द मोशेच्या (मोझेसच्या) गीतात आहेत, तोरा या ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या पाचव्या ग्रंथात. आणि संकटात दया म्हणजे दुष्काळातले पावसाचे ढग, ही उपमा बेन सिरा या जेरुसलेमच्या ज्यू लेखकाची, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली. ज्यूला दया शिकवायला निघालेली पोर्शिया त्याच्याच पूर्वजांच्या पोथ्यांतून उधार घेऊन बोलते, आणि तेही बिनव्याजी.

मुंबईकरांना तर हे गाइड सहज खोडून काढता यावं. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे, मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल. त्यांच्यातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं. त्याचं नाव शार हारहमीम. अर्थ: दयेचा दरवाजा. ते आजही मशीद बंदर भागात आहे आणि स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. लोकलने रोज तिथून जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी ‘ज्यू म्हणजे दया नसलेला’ असं उत्तरपत्रिकेत लिहिलं असेल कोण जाणे.

पोर्शियाची ती प्रसिद्ध युक्ती न्याय्य आहे का?

आधी क्रम बघू, कारण गंमत क्रमात आहे. बॅसानिओ गयावया करतो: एकदाच कायदा वाकवा, मोठ्या भल्यासाठी छोटी चूक करा. पोर्शिया ठाम नकार देते. असं केलं तर दाखला पडेल आणि त्या आधाराने राज्यात शंभर चुका शिरतील. शायलॉक खूश होऊन तिला ‘दानिएल’ म्हणतो, म्हणजे बायबलमधल्या सुझॅनाच्या गोष्टीतला तरुण, चतुर न्यायकर्ता. मग ती विचारते, तराजू आहे? तयार आहे. रक्त थांबवायला वैद्य बोलावलाय? शायलॉक विचारतो, रोख्यात लिहिलंय तसं? लिहिलेलं नाही, पण माणुसकी म्हणून... ‘मला सापडत नाही, रोख्यात नाही.’

इथे त्याने स्वतःचाच खड्डा खणला. ‘रोख्यात नाही ते मी करणार नाही’ हा नियम त्याने घालून दिला, आणि पोर्शियाने तोच उचलला: थांब जरा, रोख्यात मांस आहे, रक्ताचा थेंब नाही. रक्त सांडलं तर जमीनजुमला जप्त. शिवाय कमी नको, जास्त नको, केसभर फरक पडला तर मृत्युदंड.

म्हणून ‘दयेने न्यायावर मात केली’ हे साफ चूक आहे. दयेचं आवाहन हरलं होतं. जिंकली ती शायलॉकपेक्षा जास्त शायलॉकगिरी. नाट्य म्हणून मला हे बेहद्द आवडतं. निकाल म्हणून मी येरिंगच्या बाजूने झुकतो. आणि रक्ताचा मुद्दा आणखी एका कारणाने खुपतो. तिसऱ्या अंकात याच माणसाने विचारलं होतं: आम्हाला टोचलंत तर रक्त येत नाही का? तेव्हा रक्त म्हणजे आपण सगळे सारखे याचा पुरावा होता. कोर्टात ‘ख्रिस्ती रक्ताचा’ एक थेंब सांडू नकोस असं सांगितलं जातं. रक्तालाही धर्म चिकटला.

अँटोनिओ सुटला. मग खटला तिथेच का संपत नाही?

संपायला हवा होता. शायलॉक म्हणतो, बरं, मुद्दल द्या, मी जातो. बॅसानिओ पैसे पुढेही करतो. पोर्शिया अडवते: याने भर कोर्टात पैसे नाकारलेत, याला फक्त न्याय मिळेल. (थोड्याच वेळाने बॅसानिओ तेच ३००० डकॅट तिला फी म्हणून देऊ करतो. ती घेत नाही, पण बघायला विलक्षण वाटतं.)

मग ती एक नवाच कायदा काढते: परक्याने, म्हणजे नागरिक नसलेल्याने, प्रत्यक्ष किंवा आडून नागरिकाच्या जिवावर उठल्याचं सिद्ध झालं तर त्याची निम्मी मालमत्ता त्या नागरिकाला, निम्मी सरकारजमा, आणि जीव ड्यूकच्या मर्जीवर. दिवाणी दावा फौजदारी झाला, फिर्यादी आरोपी झाला, ना नोटीस ना वकील. शायलॉक व्हेनिसमध्ये राहतो, धंदा करतो, तरी कायद्याच्या पुस्तकात ‘परका’. व्हेनिसने १५१६ मध्ये ज्यूंना एका बेटवजा वस्तीत राहायची सक्ती केली. रात्री दारं बंद. ‘घेटो’ हा शब्द जगाला तिथूनच मिळाला. नाटकात वस्तीचा उल्लेख नाही, पण या कलमातून तिची भिंत दिसते.

पण शेवटी शायलॉकला दया मिळतेच ना?

ड्यूक मागण्याआधीच जीवदान देतो, हे खरं. तुझ्या-माझ्या वृत्तीतला फरक दिसावा म्हणून, असंही वर बोलून दाखवतो. शायलॉकचं उत्तर: जीवही घ्या, घराचा आधारखांब काढलात की घर नेलंत, पोटाचं साधन नेलंत की जीव नेलात.

मग पोर्शिया अँटोनिओला विचारते, तू काय दया करशील? तो सुचवतो: सरकारी निम्म्याचा दंड माफ व्हावा. उरलेलं निम्मं मी सांभाळीन आणि याच्या मरणानंतर लोरेंझोला देईन. मात्र दोन अटी. याने ताबडतोब ख्रिस्ती व्हावं. आणि मरताना जे काही असेल ते लोरेंझो आणि जेसिकाच्या नावे करून द्यावं. ड्यूक पुस्ती जोडतो की हे मान्य नसेल तर दिलेलं जीवदान परत घेईन.

आता ते वाक्य आठवा: दयेवर सक्ती नसते. इथे दया सक्तीने दिली जाते आणि सक्तीने घ्यावी लागते. पोर्शिया विचारते, ‘समाधान झालं का, ज्यू? काय म्हणतोस?’ तो म्हणतो, ‘झालं.’ मग, मला जाऊ द्या, बरं वाटत नाही, कागद मागाहून पाठवा, मी सही करीन. ज्या माणसाने सही घेऊन नाटक सुरू केलं तो सही देऊन बाहेर पडतो.

तेव्हाच्या लोकांना धर्मांतर ही खरोखर दया वाटली असेल?

बऱ्याच जणांना, हो. बाप्तिस्म्याशिवाय आत्मा नरकात जातो अशी श्रद्धा असेल तर सक्तीचं धर्मांतर म्हणजे बळजबरीने पाजलेलं औषध. शिवाय इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्येच हाकललेलं, त्यामुळे नाटक लिहिलं गेलं त्या १५९६-९७ च्या सुमारास बहुतेक प्रेक्षकांनी उघडपणे ज्यू म्हणून राहणारा माणूस पाहिलेला नव्हता. १५९४ मध्ये एलिझाबेथ राणीचा ज्यू वंशाचा पोर्तुगीज डॉक्टर रॉड्रिगो लोपेझ विषप्रयोगाच्या कटाच्या आरोपावरून गर्दीसमोर मारला गेला होता. वातावरण हे असं.

म्हणजे शेक्सपिअर ज्यूद्वेष्टा होता?

नाटकाचा वापर तसा झाला. १९४३ मध्ये नाझी अमलाखालच्या व्हिएन्नात ते कोणत्या हेतूने केलं गेलं हे सांगायला नको. पण द्वेष पसरवायला लिहिणारा लेखक खलनायकाच्या तोंडी गुलामांचं भाषण घालत नाही, आणि घातलंच तर त्याला कुणाकडून तरी उत्तर देववतो. मला वाटतं, शेक्सपिअरने ठरावीक साचा घेतला आणि लिहिता लिहिता साच्यात माणूस शिरला. त्याच्या स्वतःच्या वडिलांवर, जॉन शेक्सपिअरवर, बेकायदा व्याज घेतल्याबद्दल १५७० मध्ये कारवाई झाली होती. सावकार म्हणजे कुणीतरी परकाच, असं मानणं त्याला जड गेलं असावं.

रंगमंचावर हा प्रवेश कसा बदलत गेला?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शायलॉक म्हणजे हसवणारं पात्र. १७४१ मध्ये चार्ल्स मॅक्लिनने त्याला भीतीदायक केलं, १८१४ मध्ये एडमंड कीनने माणूस, १८७९ मध्ये हेन्री अर्व्हिंगने मानी, दुखावलेला वृद्ध. १९७० मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएचा शायलॉक कोर्टातून निघून जातो आणि विंगेतून त्याचा हंबरडा ऐकू येतो. संहितेत तो नाही. पण एकदा ऐकलं की त्यानंतरचे विनोद घशाखाली उतरत नाहीत.

शायलॉकला अपील करता आलं असतं तर?

केलं गेलं! घेटोला ५०० वर्षं झाली म्हणून २०१६ मध्ये व्हेनिसमध्ये नाटकाचा प्रयोग झाला आणि जोडीला एक लुटुपुटीचं अपीलही. पीठाच्या अध्यक्ष होत्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग. निकाल एकमताने: मांसाचा रोखा गंभीरपणे घेण्यासारखा नव्हताच. शायलॉकला मुद्दल परत, मालमत्ता परत, धर्मांतराची अट रद्द. पोर्शियाला तोतयेगिरीबद्दल शिक्षा झाली: कायद्याच्या कॉलेजात रीतसर प्रवेश घे.

परीक्षेत ‘पोर्शियाचं दयेवरील भाषण’ आलं तर काय लिहू?

भाषण लिहा. पण त्यातला शायलॉकचा प्रश्न, ‘कोणत्या सक्तीने?’, तो आधी लिहा.

पाचव्या अंकात शायलॉक का नाही?

तो वीसपैकी फक्त पाच प्रवेशांत आहे, तरी नाटक त्याचंच वाटतं. पाचवा अंक बेलमाँटचा: चांदणं, संगीत, अंगठ्यांवरून लटकी भांडणं. नेरिसा लोरेंझोच्या हातात एक कागद देते. शायलॉकने सही केलेलं दानपत्र. कडका लोरेंझो हरखून पोर्शिया आणि नेरिसाला म्हणतो, बायांनो, उपाशी माणसांच्या वाटेवर तुम्ही मान्ना टपकवलात. मान्ना म्हणजे वाळवंटात भटकणाऱ्या इस्रायलींसाठी देवाने आभाळातून पाडलेलं अन्न. दया पावसासारखी ‘टपकते’ असं सांगताना पोर्शियाने वापरलेलं क्रियापदच लोरेंझो इथे वापरतो.